१०० जीपीएम म्हणजे नेमकं किती पाणी? आधी गॅलन कुठला ते ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वाळवा तालुक्यातल्या एका ऊस बागायतदारांनी लिलावातून पाच एचपीचा जुना, परदेशी बनावटीचा पंप घेतला. पाटीवर १०० जीपीएम (मिनिटाला गॅलन) आणि हेड, म्हणजे पाणी चढवायची उंची, १०० फूट लिहिलंय. ड्रिपच्या डिझाइनमध्ये एका एकराच्या व्हॉल्व्हला २६.६ घनमीटर प्रति तास पाणी लागेल असं आहे. मोबाइलवर रूपांतर केलं तर एकदा २२.७ येतं, एकदा २७.३. त्यात पाटाचं पाणी क्यूसेकमध्ये (सेकंदाला घनफूट) आणि शेजारच्या बोअरचं पाणी इंचात. यातलं खरं काय धरायचं, फिल्टर केवढा घ्यायचा, आणि हे सगळं एका मापात कसं आणायचं, असं त्यांनी विचारलंय. कोयना धरणाच्या बातम्यांतले टीएमसी आणि क्यूसेक कसे समजायचे, हेही.

दोन्ही आकडे बरोबर आहेत. तुमच्या पंपाला मात्र त्यातला एकच लागू होतो, आणि तो कुठला हे मोबाइलला कळत नाही. ब्रिटिश म्हणजे इम्पीरियल गॅलन ४.५४६ लिटरचा, अमेरिकी गॅलन ३.७८५ लिटरचा. १८२४ साली इंग्लंडने कायदा करून दहा पौंड पाणी मावेल ते माप म्हणजे गॅलन असं ठरवलं. अमेरिकेने त्याआधीचा, २३१ घनइंचांचा दारूचा गॅलन तसाच चालू ठेवला. तेव्हापासून दोघांत वीस टक्क्यांचा फरक आहे. १०० जीपीएम इम्पीरियल असेल तर तासाला २७.३ घनमीटर, अमेरिकी असेल तर २२.७. तुमची गरज २६.६ ची, म्हणजे बरोबर या दोहोंच्या मध्ये. एका हिशोबात पंप जेमतेम पुरतो, दुसऱ्यात पुरत नाही. म्हणून हा नुसता गणिताचा प्रश्न राहत नाही.

आधी तुमची गरज खरी आहे का ते बघू, कारण तिथेही फूट आणि मीटर एकाच वाफ्यात आलेत. सरी पाच फुटी, ड्रीपर ४० सेंटीमीटरवर, ड्रीपरचा प्रवाह तासाला ४ लिटर. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. पाच फूट म्हणजे १.५२४ मीटर. भागाकार केला की एकरात २,६५५ मीटर लॅटरल (ड्रीपर बसवलेली नळी) येते, त्यावर साधारण ६,६४० ड्रीपर, आणि त्यांचं तासाला २६,५५० लिटर पाणी. डिझाइनवाल्याने बरोबर काढलंय. सेकंदाला हे ७.४ लिटर होतं. हा ७.४ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे तोच लागणार आहे.

आता पंपाची पाटी पुन्हा एकदा नीट पुसून वाचा. जीपीएमच्या आधी यूएस किंवा आयएमपी असं काही बारीक अक्षरात आहे का? नसेल तर फेरे बघा. ३,४५० किंवा ३,५०० आरपीएम आणि ६० हर्ट्झ असेल तर पंप अमेरिकी विजेसाठी बनवलाय आणि गॅलनही बहुतेक अमेरिकीच. पण मग गोष्ट २२.७ वरही थांबत नाही. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. मोटर तेवढीच सावकाश फिरणार, म्हणजे फेरे पाच-षष्ठांश. सेंट्रिफ्युगल पंपाचा प्रवाह फेऱ्यांच्या प्रमाणात उतरतो आणि हेड फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात. पाटीवरचे १०० जीपीएम आणि १०० फूट आपल्याकडे साधारण ८३ जीपीएम आणि ६९ फूट होतात. ८३ अमेरिकी जीपीएम म्हणजे तासाला १९ घनमीटरसुद्धा नाही, आणि तेही कमी उंचीवर. फेरे १,४५० किंवा २,९०० असतील तर पंप ५० हर्ट्झचा आहे. त्यावरून गॅलन इम्पीरियल असावा असा अंदाज बांधता येतो, खात्री देता येत नाही. अमेरिकी कंपन्याही बाहेरच्या देशांसाठी ५० हर्ट्झचे पंप बनवतात आणि पाटीवर आपलाच गॅलन ठेवतात.

पाच एचपीवरून उलट हिशोब करून गॅलन ओळखता येईल का? मी तो करून बघतो, पण त्यावर निर्णय घेत नाही. इम्पीरियल गॅलनचं वजन दहा पौंड, म्हणून जीपीएम गुणिले फुटातलं हेड भागिले ३,३०० म्हणजे पाण्याला मिळालेले एचपी. अमेरिकी गॅलनला भाजक ३,९६०. तुमच्या पाटीला पहिल्या हिशोबाने ३.०३ येतात, दुसऱ्याने २.५३. म्हणजे पाच एचपीच्या पंपाची कार्यक्षमता एकदा ६१ टक्के, एकदा ५१ टक्के. या आकाराच्या पंपाला दोन्ही शक्य आहेत. पाटी इथे गप्प बसते.

तेव्हा पाणी मोजा. जुन्या पंपाचा इंपेलर, म्हणजे आतलं पाणी फेकणारं चाक, किती झिजलाय हे कुठल्याच पाटीवर लिहिलेलं नसतं, म्हणून गॅलन कळला असता तरी मी हेच सांगितलं असतं. २०० लिटरच्या बॅरलने मोजायला जाऊ नका. ७ लिटरच्या धारेखाली तो पंचवीस-तीस सेकंदांत भरतो, पाणी उसळतं, आणि दोन सेकंद इकडेतिकडे झाले की हिशोब सात टक्क्यांनी हलतो. शिवाय बाजारात ज्याला २०० लिटरचा म्हणतात तो बॅरल काठोकाठ भरला तर त्यात थोडं जास्तच पाणी बसतं.

विहिरीवर सिमेंटचा हौद असेल तर तो घ्या. समजा आतून १० फूट लांब आणि ८ फूट रुंद आहे. आतल्या भिंतीवर खडूने दोन रेघा मारा, बरोबर एक फूट अंतराने, खालची रेघ तळापासून वीतभर वर. पाणी खालच्या रेघेला टेकलं की मोबाइलचं स्टॉपवॉच चालू, वरच्या रेघेला बंद. मधलं पाणी ८० घनफूट, म्हणजे २,२६५ लिटर. पाच मिनिटांच्या आत-बाहेर हौद भरला तर पंप इम्पीरियल १०० जीपीएम देतोय. जवळजवळ सहा मिनिटं लागली तर अमेरिकी. तुमच्या ड्रिपला पुरायला ५ मिनिटं ७ सेकंद किंवा त्याहून कमी वेळ लागला पाहिजे. एका मिनिटाचा फरक कुणालाही घड्याळावर दिसतो. तीनदा मोजा आणि सरासरी घ्या.

यात एक अट आहे आणि ती पाळली नाही तर सगळं मोजमाप वाया जातं. पाइप हौदात मोकळा सोडून मोजू नका. मोकळ्या तोंडाला दाब नसतो, पंप जास्त पाणी फेकतो आणि आपण खूश होतो. पंपाजवळ प्रेशर गेज बसवा आणि हौदाकडच्या पाइपवरचा व्हॉल्व्ह आवळत आणा, ड्रिप चालताना जो दाब लागणार आहे तो गेजवर दिसेपर्यंत. डिझाइनमध्ये तो किलोमध्ये (चौरस सेंटीमीटरला किलो) दिलेला असेल. एक किलोचा दाब म्हणजे १० मीटर पाण्याचा स्तंभ, साधारण ३३ फूट, आणि गेज पीएसआयमध्ये (चौरस इंचाला पौंड) असेल तर १४.२. त्या दाबाला जे पाणी येईल तेच तुमचं.

रूपांतराबद्दल मी शेतकऱ्यांना आणि नव्या मुलांना एकच सवय लावायला सांगतो. वीस गुणकांचा तक्ता पाठ करू नका. कुठलंही माप आलं की आधी लिटर प्रति सेकंदात आणा आणि मग तिथून हवं तिकडे जा. क्यूसेकला २८.३२ ने गुणा. इम्पीरियल जीपीएमला ०.०७५८ ने, अमेरिकी जीपीएमला ०.०६३१ ने. लिटर प्रति सेकंद हातात आलं की ३.६ ने गुणून घनमीटर प्रति तास, ६० ने गुणून लिटर प्रति मिनिट, ८६.४ ने गुणून दिवसाचे घनमीटर. आपल्या देशी पंपांच्या पाटीवर आता प्रवाह लिटर प्रति सेकंदात आणि हेड मीटरमध्येच असतं. किर्लोस्करवाडी आपल्याच पलूस तालुक्यात, १९१० पासूनची. पंप बनवणाऱ्या जिल्ह्याने तरी पाणी सेकंदाच्या लिटरमध्ये बोलावं असं मला मनापासून वाटतं.

२८.३२ कुठून येतो हे एकदा समजून घेतलं की विसरत नाही. १९५९ पासून एक फूट म्हणजे बरोबर ०.३०४८ मीटर असं ठरलेलं आहे. त्याचा घन ०.०२८३१७. घनमीटरचे हजार लिटर, म्हणून एक घनफूट २८.३१७ लिटर. उलट बाजूने एका घनमीटरमध्ये ३५.३ घनफूट. सगळ्यात जास्त दिसणारी चूक इथलीच आहे: फुटाचा मीटर करायचा म्हणून लोक ३.२८ ने भागतात आणि घन करायचं राहून जातं. उत्तर दहापटीहून जास्त चुकतं, पण कागदावर आकडा दिसतो व्यवस्थित.

दशांश किती घ्यायचे? शेतावर तीन अंक भरपूर. हौदाची लांबीच आपण अर्ध्या इंचाने चुकून मोजतो, तिथे २८.३१६८४६ लिहून काही साधत नाही. पाणीपट्टीच्या किंवा कराराच्या कागदावर मात्र पूर्ण गुणक वापरा आणि तो कुठला वापरला हे तिथेच लिहून ठेवा.

आता इंच. इथे मला थोडं थांबायचंय, कारण आपल्या भागात सगळ्यात जास्त फसगत या इंचावर होते. पंपवाला तीन इंची पाणी म्हणतो तेव्हा तो पाइपचा व्यास सांगत असतो. व्यासाला वेगाची जोड मिळाल्याशिवाय प्रवाह निघत नाही. सेकंदाला दीड मीटर हा पाइपलाइनला साधारण बरा वेग धरला तर दोन इंची भरून वाहणारा पाइप सेकंदाला ३ लिटर देतो आणि तीन इंची ६.८ लिटर. व्यास दीडपट झाला, पाणी सव्वादोनपट. बोअरवर मात्र बरेच ड्रिलिंगवाले इंच सांगतात तो वेगळाच असतो. पत्र्याला काटकोनी खाच पाडलेली असते, व्ही-नॉच म्हणतात ती, आणि खाचेच्या टोकापासून वर पाण्याची उंची किती इंच आली ते ते सांगतात. त्या मापाने एक इंच पाणी म्हणजे तासाला ५०० लिटरच्या आसपास, दोन इंच म्हणजे २,९००, तीन इंच म्हणजे ८,०००, चार इंच म्हणजे १६,००० हून थोडं अधिक. एकाचे दोन इंच झाले की पाणी साडेपाचपट होतं. आणि तेच दोन इंच पाइपच्या हिशोबाने धरले तर तासाला जवळजवळ अकरा हजार लिटर होतात! त्या आशेवर कुणी मोटर घेतली, पाइपलाइन खोदली, तर बोअर अर्ध्या तासात आटणारच. शेजाऱ्यांना बोअरचे इंच विचारताना ते नॉचचे की पाइपचे, हे आधी विचारा. तासाला लिटर किती, असंच विचारलं तर सगळ्यात उत्तम.

व्ही-नॉचचं सूत्र वापरणार असाल तर आणखी एक गोष्ट. मीटरमध्ये उंची घेऊन घनमीटर प्रति सेकंद काढायचे असतील तर उंचीचा अडीचावा घात करून १.३८ ने गुणतात. फुटात उंची घेऊन क्यूसेक हवे असतील तर गुणक २.५ होतो. जुन्या पुस्तकात २.५ दिसतो, नव्यात १.३८, आणि मुलं विचारतात की ३५.३ पट फरक का नाही. कारण गुणकालाही स्वतःचं माप आहे. तो मीटरच्या वर्गमुळाबरोबर बदलतो: ३.२८ चं वर्गमूळ १.८१, आणि १.३८ गुणिले १.८१ बरोबर २.५. सूत्र एका पद्धतीतलं असेल तर त्यात टाकायचे आकडे त्याच पद्धतीतले हवेत. आधी फूट टाकून मग उत्तराला २८.३ ने गुणायचं की आधी मीटर करून घ्यायचे, हे सूत्राच्या गुणकावरून ठरतं. चालू गाडीतून दुसऱ्या गाडीत उडी मारता येत नाही तसं हे आहे, अधेमधे पद्धत बदलायची नाही.

पाटाच्या पाण्याला मात्र क्यूसेक सोयीचा आहे, आणि त्याचं कारण फार सुंदर आहे. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्यावर एक इंच पाणी उभं करायला ३,६३० घनफूट लागतात. एक क्यूसेकचा पाट एका तासात ३,६०० घनफूट देतो. म्हणजे एक क्यूसेक, एक तास, एक एकर, एक इंच. चूक एक टक्क्याहून कमी. तुमच्या पाळीला चारीतून एक क्यूसेक सहा तास मिळालं आणि दोन एकर भिजवायचे असतील तर तीन इंच पाणी झालं, म्हणजे ७६ मिलिमीटर. चारीतली गळती आणि झिरपा यातून वजा करा. मेट्रिकमध्ये हाच हिशोब हेक्टरला सोपा पडतो: एक हेक्टरवर एक मिलिमीटर म्हणजे १० घनमीटर. पाणीवापर संस्थेचा हिशोब घनमीटरमध्ये येतो आणि पाटकरी क्यूसेकमध्ये बोलतो, तेव्हा एक क्यूसेक-तास म्हणजे १०२ घनमीटर एवढं लक्षात असलं की दोघांचं जुळवता येतं.

तुम्ही कोयनेच्या बातम्यांचंही विचारलंय. टीएमसी म्हणजे एक हजार दशलक्ष घनफूट, तो साठा आहे. क्यूसेक हा प्रवाह आहे. दोघांना जोडणारा आकडा ११,५७४: एवढे क्यूसेक चोवीस तास सोडले की एक टीएमसी जातो. कोयनेचा साठा १०५.२५ टीएमसीचा. पायथा वीजगृहातून २,१०० क्यूसेक सुटले की ते ५९ घनमीटर प्रति सेकंद झाले, दिवसाला ०.१८ टीएमसी. दरवाजे उघडून ५०,००० सोडले की १,४१६ घनमीटर प्रति सेकंद, दिवसाला ४.३ टीएमसी. शहराच्या पाणीपुरवठ्यातही हाच ११.५७४ भेटतो: दिवसाला दहा लाख लिटर म्हणजे सेकंदाला ११.५७४ लिटर. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांचाच तो दोन्हीकडचा परिणाम.

पण कोयनेतून सुटलेले क्यूसेक आणि सांगलीत आयर्विन पुलाखालचे फूट यांचं रूपांतर होत नाही. पुलावर ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी, ती पाण्याची उंची आहे. तेवढ्याच विसर्गाला नदीची पातळी कधी जास्त, कधी कमी असते. वारणेचं पाणी किती आलं, कराडपासून खाली ओढ्यांनी किती भर घातली, पुढे पाण्याला उतार किती मिळतोय, या सगळ्यावर ते ठरतं. पावसाळ्यात मोबाइलवर फिरणारे "इतके क्यूसेक म्हणजे इतके फूट वाढणार" असे हिशोब बघून कुणी जनावरं सोडवायला उशीर करू नये. जलसंपदा विभागाचा आणि प्रशासनाचा इशारा तेवढा धरावा.

छोट्या तलावांच्या बातमीत आणखी एक खाच आहे. दलघफू आणि दलघमी. एक दशलक्ष घनफूट, दुसरं दशलक्ष घनमीटर. १०० दलघफूचा पाझर तलाव म्हणजे फक्त २.८ दलघमी. बातमीत एक अक्षर बदललं की तलाव पस्तीसपट मोठा होतो. शंका आली तर तलावाचं क्षेत्र आणि सरासरी खोली यांचा गुणाकार करून बघा, लगेच उमगतं.

घरातल्या आरओवर ७५ जीपीडी (दिवसाला गॅलन) लिहिलेलं असतं, तो गॅलन अमेरिकी. दिवसाला २८४ लिटर, तासाला बारा लिटरच्या आत. हवेच्या कॉम्प्रेसरचा एक सीएफएम (मिनिटाला घनफूट) म्हणजे मिनिटाला २८.३ लिटर, पण हवेचं आकारमान दाब आणि तापमानाबरोबर बदलतं, म्हणून आकडा कुठल्या दाब-तापमानाला दिलाय ते न बघता दोन यंत्रांची तुलना करू नका. पाण्याला ही भानगड नाही.

राहिला तुमचा फिल्टर. पंप जेवढं पाणी देऊ शकतो त्याहून फिल्टर लहान नको. २५ घनमीटरचा घेतलात आणि पंप इम्पीरियल निघाला तर फिल्टरवर पहिल्या दिवसापासून जास्त ताण येईल. ३० चा घ्या. पाणी थेट नदीचं किंवा पाटाचं असेल तर ४० चा घेतला तरी मी नको म्हणणार नाही, गाळाच्या दिवसांत धुण्याच्या पाळ्या कमी होतात. हौद भरायला सहा मिनिटं लागली, म्हणजे पंप २२.७ चाच ठरला, तर पंप विकायची घाई करू नका. पाणी तेवढंच ठेवून व्हॉल्व्हचं क्षेत्र ४० गुंठ्यांवरून ३४ गुंठ्यांवर आणा, किंवा नवीन लॅटरल घेणारच असाल तर ४ ऐवजी २ लिटरचे ड्रीपर घ्या आणि वेळ दुप्पट करा, मग एकराला १३.३ घनमीटरच लागतील. आणि जे मोजून निघेल ते ऑइल पेंटने पंपावर लिहा: लिटर प्रति सेकंद, किती किलो दाबाला, कुठल्या तारखेला.